किंमत उतरली की गेम खपतो?

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला आलेला गवई काय करतो, ठाऊक आहे? तो आधी तारा छेडतो, जवारी ऐकतो. आवाज पटला तरच भावाची गोष्ट! गवसणी फुकट मिळते म्हणून कुणी बेसूर तंबोरा घरी नेत नाही.

व्हिडिओ गेमच्या दुकानात मात्र आपलं काय होतं? ‘किंमत घटली!’, ‘सोबत जादा रिमोट मोफत!’ अशा पाट्या दिसल्या, की आपण बाबांचा हात ओढायला लागतो. पण अशा सवलतींनी मशीन खरोखर जास्त खपतं का? चला, जरा हिशेब तपासू या.

आधी एक गंमत सांगतो. टीव्हीला जोडायचं हे मशीन, म्हणजे कन्सोल, कंपन्या बऱ्याचदा थोड्या नफ्यात आणि कधी कधी चक्क तोट्यात विकतात. खरी कमाई पुढे होते, गेम विकून! म्हणजे मशीन स्वस्त करणं हा काही दानधर्म नव्हे, बरं का. घरात मशीन आलं की मागोमाग गेमही येणार, हे कंपनीला पक्कं माहीत असतं.

१९९१ साली अमेरिकेत सेगा कंपनीने आपल्या ‘जेनेसिस’ या मशीनची किंमत १८९ डॉलरवरून १४९ डॉलरवर आणली. एवढंच नाही, तर खोक्यात ‘सॉनिक’ हा नवाकोरा गेमही घातला. निळा साळू सुसाट पळू लागला आणि सेगा बलाढ्य निन्टेन्डोला टक्कर देऊ लागली. इथे किंमतही उतरली होती आणि खेळावंसं वाटेल असं काहीतरी हातातही आलं होतं.

मग १९९४ साली सेगाने ‘३२ एक्स’ हे जोडयंत्र काढलं. जुन्या मशीनवर बसवायचं आणि ताकद वाढवायची! किंमत सुमारे १६० डॉलर. पण जोडयंत्र घेणार कोण? ज्याच्याकडे मूळ मशीन आहे तोच! त्यातच सेगाचंच नवं मशीन ‘सॅटर्न’ येऊ घातलं होतं. लोकांनी विचार केला, मग मधल्या तुकड्यावर पैसे कशाला घालवा? गेमही जेमतेम ४० निघाले. शेवटी दुकानदारांनी ते २० डॉलरपर्यंत खाली आणलं, पण काही उपयोग झाला नाही.

जोडवस्तू कधी कधी उलट ओझंही होते. २०१३ साली ‘एक्सबॉक्स वन’ कॅमेऱ्यासकट ४९९ डॉलरला आला. पुढच्या जूनमध्ये कॅमेरा वगळून तो ३९९ डॉलरला मिळू लागला आणि त्या महिन्यात अमेरिकेतली त्याची विक्री दुपटीहून वाढली!

आता एकाच कंपनीची दोन उदाहरणं पाहा. निन्टेन्डोचं ‘थ्रीडीएस’ २०११ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये २५,००० येनला आलं. खप मंद दिसताच ऑगस्टमध्ये किंमत थेट १५,००० येन! वर्षअखेर मारिओचे दोन नवे गेम आले आणि गाडी सुटली. पुढे साडेसात कोटींहून अधिक मशीन खपली. त्याच कंपनीने २०१३ साली ‘वी यू’ची किंमत ५० डॉलरने उतरवली, पण ते दीड कोटीही खपलं नाही. नुसती किंमत उतरवून भागत नाही, हे पटलं ना?

आपल्याकडे मात्र किंमत हाच मोठा उंबरठा होता. १९९५ च्या सुमारास भारतात सेगाच्या मशीनला १८,००० रुपये पडायचे. कारण परदेशी मालावर भरमसाट कर होता. म्हणून गावोगावी स्वस्त नकली टीव्ही गेम चालले. त्यांच्या कॅसेटवर ‘९९९९ गेम’ छापलेलं असायचं आणि आत तेच ते मोजके गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे!

मग किंमत उतरायची वाट पाहावी का? ‘थ्रीडीएस’ आधी घेणाऱ्यांना किंमत उतरल्यावर हळहळ वाटू नये म्हणून कंपनीने २० जुने गेम फुकट दिले. पण दर वेळी असं होत नाही. शिवाय किंमत उतरेलच असंही नाही. ‘प्लेस्टेशन ५’ भारतात २०२१ साली ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये उलट पाच हजारांनी महागला!

तेव्हा आईबाबांकडे हट्ट धरण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्या आणि लिहा : मला खरोखर खेळावेसे वाटणारे तीन गेम कोणते? मशीन, ते तीन गेम आणि दुसरा रिमोट मिळून किती रुपये होतात? फुकट मिळणारी वस्तू विकत घ्यावी लागली असती, तर मी ती घेतली असती का? हा कागद आईबाबांना दाखवा. तीन गेमची नावं सुचलीच नाहीत, तर पाटीवर कितीही मोठ्या अक्षरांत ‘सूट’ लिहिलेलं असू दे, ते मशीन तुमच्यासाठी महागच आहे!