ओंडक्यावरचं शिटाके की पेंढ्यावरची धिंगरी? गाळ्यात पैसे घालण्याआधी वाचा

जपानचे ते व्हिडिओ तुम्हीही बघितले असतील. झाडांच्या सावलीत ओंडके टेकवून ठेवलेत, त्यावर तपकिरी शिटाके मशरूम आलेत आणि शेतकरी आरामात टोपली भरतोय. ते बघून "सर, आपला एक गाळा रिकामाच आहे, दोन लाख घालू का?" असं विचारणारे बरेच भेटतात. भिवंडीत ओंडक्यांवर घालू नका, हे माझं सरळ उत्तर.

शिटाके ओकसारख्या कठीण लाकडावर वाढतं. ओंडक्याला भोकं पाडायची, त्यात बियाणं म्हणजे स्पॉन ठोकायचं, वरून मेण लावायचं आणि थांबायचं. सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. मग तोच ओंडका तीन-चार वर्षं पीक देतो. पण फळ धरायला साधारण 10 ते 20 अंशांची थंडी लागते. आपला पत्र्याचा गाळा एप्रिलमध्ये काय होतो, ते तुम्हाला सांगायला नको. एसी लावलात तर वीजबिलच नफा खाईल. शिवाय लाकूड आणणार कुठून? साग, ऐन, खैर अशी झाडं स्वतःच्या जमिनीवरची असली तरी तोडायला परवानगी लागते. महाराष्ट्रात 1964 पासून तसा कायदाच आहे.

मग काय करायचं? आपल्या तालुक्यात भात आहे. भात आहे म्हणजे पेंढा आहे, आणि पेंढ्यावर धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, मस्त येते. तिला 20 ते 30 अंश चालतात, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला सीझन. उन्हाळ्यात करायचंच असेल तर दुधी अळिंबी करा, ती 30-35 अंशांत येते. आणि लूमचा वेस्ट फुकट मिळतो म्हणून तो वापरू नका हं. त्यात पॉलिस्टर असतं, बुरशी ते काय खाणार!

पेंढा नवा, कोरडा, न भिजलेला घ्या. बारीक कापून रात्रभर पाण्यात भिजवा, मग 80 अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवा. इथे आळस केला की हिरवी बुरशी आलीच. निथळू द्या, इतकं की मुठीत दाबलं तर पाणी गळायला नको. ओल्या पेंढ्याच्या वजनाच्या 2 टक्के स्पॉन थराथराने घालून पिशवी बांधा, भोकं पाडा, अंधारात ठेवा. 15-20 दिवसांत पिशवी पांढरी होते. मग प्लास्टिक काढा, गोणपाट ओले ठेवा, हवा खेळती ठेवा. काढणीच्या वेळी मास्क लावा. धिंगरीचे बीजाणू फार उडतात, बंद खोलीत रोज श्वासात गेले तर खोकला आणि दमा मागे लागतो. हे विकणारा कुणी सांगत नाही.

आता हिशोब. एका पिशवीत एक किलो कोरडा पेंढा, अशा 20 पिशव्या. किलोमागे अर्धा किलो धरा, म्हणजे 10 किलो माल, 200 ग्रॅमची 50 पाकिटं. ती एका दिवशी येत नाहीत, दोन-तीन तोडे मिळून येतात. पण ताजा माल फ्रीजमध्येही दोन-तीन दिवसच नीट राहतो. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग पिशव्या. उरलेला वाळवला तर 10 किलोचा जेमतेम एक किलो होतो. "तुमचा सगळा माल आम्हीच घेऊ" म्हणणाऱ्याने आधी किटचे पैसे मागितले, तर त्याने याआधी कुणाचा माल घेतला ते बघून या. मी एकदा न बघता पैसे भरले होते. किट आलं, तो माणूस पुन्हा आला नाही.

तब्येतीचं म्हणाल तर मशरूममध्ये प्रथिनं आणि तंतू चांगले, चरबी कमी. काढलेलं मशरूम थोडा वेळ उन्हात ठेवलं तर त्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. शिटाकेतल्या लेंटिनानचं इंजेक्शन जपानमध्ये पोटाच्या कॅन्सरवर केमोथेरपीच्या जोडीला दिलं गेलंय, पण ते शुद्ध केलेलं औषध, भाजी नव्हे. पाकिटावर "कॅन्सर बरा होतो" छापलंत तर अन्नसुरक्षा कायद्यात अडकाल.

प्रशिक्षण हवं असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पात चौकशी करा. स्पॉन घेताना तारीख बघा, आणि पहिल्या खेपेला 20 च पिशव्या लावा.