आजीला इंटरनेट कॉल का आवडत नाही? लँडलाइन आणि इंटरनेट कॉलमधला खरा फरक

माझी आजी चिपळूणजवळच्या एका गावात राहते आणि मी नोकरीसाठी पुण्यात. मी ॲपवरून कॉल केला की तिला दोन वाक्यांत कळतं. "अरे, पाण्यात बुडून बोलल्यासारखा येतोय तुझा आवाज. ठेव तो, आणि घरच्या फोनवर कर." घरच्या फोनवर म्हणजे लँडलाइनवर.

मी इंजिनिअर. तिला समजावत राहायचो की इंटरनेट कॉलची टेक्नॉलॉजी लँडलाइनपेक्षा कितीतरी पुढची आहे. मग एकदा कॉल तुटत असताना मी तिला सांगितलं, "आज जेवणाआधी ती गोळी घ्यायची नाही." तिकडे पोचलं फक्त, "आज जेवणाआधी ती गोळी घ्यायची." नशीब, तिने "काय म्हणालास?" असं परत विचारलं.

मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. शेवटचा एक शब्द गिळला गेला की अर्थ उलटा. त्या दिवसापासून मी आजीशी वाद घालणं सोडलं आणि प्रश्न नीट समजून घेतला. मित्रांनो, चला तर मग पाहूया, कॉलवर आवाजाचं नेमकं होतं काय.

लँडलाइन: तुमच्यासाठी राखीव लेन

जुन्या लँडलाइनवर कॉल लागला की एक्सचेंज दोन फोनच्या मध्ये एक रस्ता राखून ठेवायचं. समजा, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेची एक लेन फक्त तुमच्या गाडीसाठी मोकळी ठेवली आहे. बाकी रस्त्यावर कितीही ट्रॅफिक असो, तुमची गाडी एकाच वेगाने जाणार. याला सर्किट स्विचिंग म्हणतात.

गंमत म्हणजे तुम्ही गप्प बसलात तरी लेन तुमचीच. म्हणूनच एसटीडी बूथवर कोणी बोलत नसलं तरी मीटर पळत राहायचं!

त्यामुळे आवाज पोचायला लागणारा वेळ कायम तेवढाच राहायचा आणि मधला भाग हरवायचा नाही. शिवाय रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज अगदी हलका ऐकू यायचा. त्याला साइडटोन म्हणतात. त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय याचा अंदाज यायचा.

पण लँडलाइनचा आवाज खरं तर कमी दर्जाचा

हो, बरोबर वाचलंत. माणसाचा कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू शकतो. लँडलाइन मात्र ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवते. डिजिटल एक्सचेंजमध्ये आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात, प्रत्येकी ८ बिटचे. म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. हे स्टँडर्ड १९७२ चं आहे. नाव जी.७११.

स, श, फ या उच्चारांचा बराचसा भाग ३,४०० हर्ट्झच्या वर असतो. तो कापला गेला की सगळं सारखंच ऐकू येतं. बँकेचा आयएफएससी कोड फोनवर सांगताना आपण "एस, सांगलीचा एस" आणि "एफ, फलटणचा एफ" असं का म्हणतो, ते आता कळलं ना?

याउलट ओपस नावाचा कोडेक बघा. कोडेक म्हणजे आवाज दाबून छोटा करणारा आणि पलीकडे पुन्हा उलगडणारा प्रोग्राम. ओपस २०१२ मध्ये इंटरनेटचं स्टँडर्ड झाला. चांगलं नेटवर्क मिळालं तर तो २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पाठवू शकतो. नेट मंदावलं तर सेकंदाला ६ किलोबिटपर्यंत खालीही येतो.

म्हणजे आवाजाच्या दर्जात इंटरनेट पुढे आहे. मग आजी चुकते कुठे? ती चुकत नाही. ती आवाजाचा दर्जा मोजतच नाहीये, ती भरवसा मोजतेय. लँडलाइनने आवाज साधा दिला, पण सलग दिला.

इंटरनेट कॉल: आवाजाचे तुकडे

इंटरनेटवर राखीव लेन नसते. तुमचा आवाज साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापला जातो. म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. प्रत्येक तुकडा एका पाकिटात जातो आणि त्यावर पत्ता लिहिलेला असतो. यालाच पॅकेट म्हणतात. ही पाकिटं इतरांच्या रील्स, गेम आणि डाउनलोडबरोबर एकाच रस्त्याने जातात.

थोडं गणित करूया. जी.७११ चा एक तुकडा १६० बाइटचा. त्यावरचा पत्ता वगैरे ४० बाइटचा. मिळून २०० बाइट, सेकंदाला ५० वेळा. म्हणजे सेकंदाला ८० किलोबिट. कोडेकने आवाज दाबून तुकडा २० बाइटचा केला, तर पत्र २० बाइटचं आणि पाकीट ४० बाइटचं!

आता हा आकडा तुमच्या प्लॅनशी ताडून बघा. १०० एमबीपीएसच्या कनेक्शनला ८० किलोबिट म्हणजे हजारावा भागसुद्धा नाही. म्हणून "कॉल तुटतोय, मोठा प्लॅन घेऊ" हा उपाय बहुतेक वेळा चुकतो. कॉलला वेगापेक्षा सातत्य जास्त लागतं.

तीन खलनायक

*पहिला: उशीर.* तोंडातून निघालेला शब्द समोरच्या कानात पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, तर संभाषण सहज वाटतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने हीच मर्यादा सुचवली आहे, आणि ४०० च्या वर जाऊच नये असंही म्हटलंय. उशीर वाढला की "तू बोल", "नाही नाही, तूच बोल" सुरू होतं. थोडा उशीर तर टाळताच येत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून कॅलिफोर्नियाचं सरळ अंतर १३,००० किलोमीटरच्या आसपास धरलं, तर ६५ मिलिसेकंद प्रवासातच गेले. आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही.

*दुसरा: जिटर.* पाकिटं निघतात दर २० मिलिसेकंदांनी, पण पोचताना एक १५ ने, दुसरं ६० ने, तिसरं लगेच त्याच्या मागे. एसटी स्टँडवर तासभर गाडी नाही आणि मग तीन गाड्या एकदम, तसंच. हे सावरायला फोन आलेली पाकिटं क्षणभर साठवून मग ओळीने वाजवतो. याला जिटर बफर म्हणतात. साठा मोठा केला की आवाज सलग येतो, पण उशीर वाढतो. लहान केला की उशीर कमी, पण आवाज तुटतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

*तिसरा: पॅकेट लॉस.* काही पाकिटं वाटेत हरवतात. फाइल डाउनलोड करताना हरवलेलं पुन्हा मागवता येतं. कॉलमध्ये त्याचा उपयोग नाही, कारण तोपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं. मग फोन अंदाज बांधतो आणि मागचाच आवाज थोडा ताणून रिकामी जागा भरतो. एखादं पाकीट गेलं तर कळतसुद्धा नाही. सलग बरीच गेली की तो "पाण्यात बुडालेला" किंवा रोबोटसारखा आवाज येतो. भरभर बोललेला "नाही" जेमतेम पाव सेकंदाचा असतो. म्हणजे १२-१३ पाकिटं. तेवढी हरवली आणि आजीची गोळी चुकता चुकता राहिली.

मग साधा मोबाइल कॉल बरा का लागतो?

इथे एक गैरसमज दूर करू. ४जीवरचा साधा कॉल, म्हणजे व्होल्टे, हासुद्धा पॅकेटमधूनच जातो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं ते फक्त ४जी घेऊन, त्यामुळे त्यावरचे कॉल सुरुवातीपासूनच असे आहेत. फरक एवढाच की व्होल्टेच्या पाकिटांना मोबाइल नेटवर्क वेगळी, राखीव वाट देतं. ॲपवरच्या कॉलची पाकिटं मात्र बाकी डेटाबरोबर रांगेत उभी राहतात. व्होल्टेवर आवाजाचा पट्टाही साधारण ७,००० हर्ट्झपर्यंत जातो.

म्हणजे व्होल्टेने लँडलाइनची राखीव लेन आणि इंटरनेटचा चांगला आवाज एकत्र आणला. टॉवर नीट मिळत असेल, तर महत्त्वाच्या बोलण्यासाठी साधा कॉलच करा.

आणि आता लँडलाइनही पूर्वीची राहिली नाही

जुन्या तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर वीजही यायची. एक्सचेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर तुमचा फोन चालायचा. घरातली लाइट गेली तरी फोन चालू!

बऱ्याच ठिकाणी आता ती तार जाऊन फायबर आलंय. नंबर तोच, फोनही तोच, पण तो भिंतीवरच्या एका डब्याला जोडलेला असतो आणि आवाज त्या डब्यातून पॅकेट होऊन जातो. काचेच्या तारेतून वीज येत नाही. डबा घरच्या प्लगवर चालतो.

आमच्या गावी असंच फायबर आलं. बाबा निश्चिंत होते, "लँडलाइन आहे ना, मग काळजी कसली?" पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली आणि आजीला चक्कर आली. तिने सवयीने रिसीव्हर उचलला. टोनच नव्हता. घरात मोबाइलची रेंज यथातथाच. शेवटी तिने खिडकीतून शेजारच्या काकूंना हाक मारली, म्हणून निभावलं. फोन बदललाय हे आम्हाला माहीत होतं. त्याचा भरवसाही बदललाय, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तर मग करायचं काय?

१. स्पीड टेस्ट करताना फक्त एमबीपीएस बघू नका. पिंग आणि जिटर बघा. ढोबळ नियम: जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत आणि पॅकेट लॉस १ टक्क्याच्या आत. आणि टेस्ट घरात बाकी वापर चालू असताना करा.

२. इंटरव्ह्यू किंवा डॉक्टरांचा कॉल असेल तेव्हा फोटोंचा बॅकअप आणि मोठे अपलोड थांबवा. अपलोडची रांग लागली की तुमचा आवाज त्या रांगेत अडकतो.

३. राउटरच्या जवळ बसा आणि शक्यतो ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय वापरा. मध्ये जाड भिंत असेल तर मात्र २.४ जास्त लांब पोचतं.

४. ब्लूटूथ इअरफोनवर गाणी मस्त आणि कॉल पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा? माइक चालू झाला की बरेच इअरफोन कमी दर्जाच्या मोडमध्ये जातात. वायरचा इअरफोन लावून बघा.

५. स्वतःचाच आवाज परत ऐकू येत असेल तर दोष बहुधा समोरच्या फोनचा असतो. त्यांना स्पीकर बंद करायला सांगा.

६. गोळीचं नाव, ओटीपी, पत्ता असं काही कॉलवर सांगितलंत तर समोरच्याकडून परत म्हणून घ्या. आणि नकार वाक्याच्या सुरुवातीलाच सांगा: "नको. ती गोळी आज नको."

७. घरी फायबरवरचा लँडलाइन असेल तर आजच डब्याचा प्लग काढून रिसीव्हर उचलून बघा. टोन गेला तर डब्यासाठी छोटा यूपीएस घ्या. डब्याच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि ॲम्पिअर बघूनच घ्या.

आम्ही आजीकडे तसा यूपीएस बसवलाय. गेल्या पावसात लाइट गेली तेव्हा मी मुद्दाम लँडलाइनवर फोन केला. दुसऱ्या रिंगला तिने उचलला आणि म्हणाली, "लाइट नाहीये, पण तुझा आवाज स्पष्ट येतोय. बोल."