यकृत बिघडल्यावर मेंदू का गोंधळतो?

लिव्हर सिरोसिसचा रुग्ण दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा राहतो. सही वेडीवाकडी येऊ लागते, शर्टाची बटणे खालीवर लागतात, शांत स्वभावाचा माणूस अचानक चिडतो. घरच्यांना वाटते, वय झाले, अशक्तपणा आला किंवा पुन्हा दारू सुरू झाली. प्रत्यक्षात हा यकृताच्या आजाराचा मेंदूवरील परिणाम असू शकतो. त्याला 'हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी' म्हणतात. वेळेत ओळखल्यास बहुतेक रुग्णांना उपचारांनी आराम पडतो.

अमोनिया मेंदूपर्यंत कसा पोहोचतो?

प्रथिनांचे पचन होताना आणि आतड्यातील जिवाणूंमुळे अमोनिया तयार होतो. निरोगी यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि युरिया लघवीवाटे बाहेर पडतो. सिरोसिसमध्ये काम करणाऱ्या पेशी कमी होतात. यकृत कडक झाल्याने आतड्यांकडून येणारे काही रक्त यकृताला वळसा घालून पुढे जाते. त्यासोबत अमोनियाही मेंदूत पोहोचतो.

मेंदूच्या पेशींमध्ये काय घडते?

चेतापेशींची देखभाल करणाऱ्या, ताऱ्यासारख्या आकाराच्या पेशींना अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणतात. मेंदूत अमोनियाची विल्हेवाट लावण्याचे कामही त्यांच्याकडेच असते. त्या अमोनिया आणि ग्लुटामेट यांपासून ग्लुटामिन बनवतात. ग्लुटामिन साठले की ते पाणी ओढते, पेशी फुगतात आणि देखभालीचे काम बिघडते. परिणामी चेतापेशींमधील संदेशांची देवाणघेवाण विस्कळीत होते. शरीरात जंतुसंसर्ग असेल तर हा परिणाम आणखी वाढतो.

येथे मुख्य बिघाड पेशींच्या कामात असतो, म्हणून उपचारांनी सुधारणा होते. मात्र असे झटके वारंवार आल्यास काही रुग्णांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता पूर्ववत होत नाही.

त्रास अचानक का वाढतो?

- बद्धकोष्ठता
- जंतुसंसर्ग, विशेषतः पोटातील पाण्यात झालेला
- अन्ननलिकेत किंवा जठरात रक्तस्राव
- जुलाब, उलट्या किंवा लघवीच्या गोळ्यांमुळे शरीरातील पाणी व पोटॅशियम कमी होणे
- झोपेच्या गोळ्या आणि मद्यपान

उपचार

लॅक्टुलोजचे सिरप हा मुख्य उपचार आहे. पोट साफ करण्याबरोबरच ते आतड्यात आम्लता वाढवते, त्यामुळे अमोनिया रक्तात कमी शोषला जातो. दिवसातून 2 ते 3 वेळा मऊ शौच व्हावी, इतका डोस ठेवतात. "पोट साफ होतंय, आता औषध कशाला?" असे म्हणून ते बंद करू नका. उलट पाण्यासारखे जुलाब होऊ लागले तर डॉक्टरांना विचारून डोस कमी करा. त्रास पुन्हा झाल्यास रिफॅक्सिमिन ही गोळी जोडली जाते.

डाळ, दूध बंद करावे का?

नाही. पूर्वी प्रथिने कमी करण्याचा सल्ला दिला जात असे, आता तो दिला जात नाही. स्नायूही अमोनिया निकामी करतात. प्रथिने तोडली तर स्नायू झिजतात आणि त्रास वाढतो. साधारणपणे दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. डाळी, दही, ताक, पनीर सहसा चांगले सोसतात. रात्रभर उपाशी राहू नये. झोपण्यापूर्वी दूध-पोळी किंवा लापशीसारखे हलके काही द्यावे. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा पोटात पाणी असल्यास आहार डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

घरच्यांनी काय पाहावे?

रुग्णाला स्वतःतील बदल अनेकदा कळत नाही, म्हणून तुमचे निरीक्षण महत्त्वाचे. रोज शौचाची नोंद ठेवा. आजची तारीख विचारा, सही करायला सांगा. हात पुढे ताणून पंजे वर वळवायला लावा. पंजे फडफडत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. सौम्य अवस्थेतही प्रतिक्रिया मंदावतात, त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडी चालवू देऊ नका.

रुग्ण असंबद्ध बोलत असेल, हाक मारूनही नीट जागा होत नसेल, ताप असेल, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली असेल तर लगेच रुग्णालयात न्या. गुंगीतील रुग्णाच्या तोंडात पाणी किंवा औषध ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकते. साखर कमी होणे किंवा डोक्यातील रक्तस्राव यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून तपासणी होणे आवश्यक आहे.