राज्याचा वकील: नागपूर, जबलपूर, बिलासपूर

भिलाईतल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेची पेन्शन अडली किंवा कुणाच्या रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीचा मोबदला वर्षानुवर्षे मिळाला नाही, आणि त्या माणसाने उच्च न्यायालयात जायचे ठरवले, की त्याच्या वकिलाला याचिकेची एक प्रत बिलासपूरच्या महाधिवक्ता कार्यालयात द्यावी लागते. तिथून संबंधित खात्याला कळवले जाते. खाते एक प्रभारी अधिकारी नेमते. तो दुर्गहून फायलींचा गठ्ठा घेऊन गाडीत बसतो आणि दीडशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून बिलासपूर गाठतो. शासकीय अधिवक्त्यासमोर बसून याचिकेतल्या एकेका परिच्छेदाला उत्तर तयार होते, शपथपत्र होते आणि मग तारखेला कुणीतरी उभे राहून म्हणते, ‘राज्याच्या वतीने.’

हे दोन शब्द ज्याच्या नावावर उच्चारले जातात, तो राज्याचा महाधिवक्ता. केंद्रात जसे ॲटर्नी जनरल, तसे राज्यात हे पद. मंत्र्यांची नावे आपल्याला पाठ असतात, जिल्हाधिकारी कोण हे चहाच्या टपरीवरही कळते. पण ज्याच्या एका सल्ल्यावर सरकार अपील करते किंवा मुकाट्याने पैसे देऊन टाकते, त्या माणसाच्या अधिकारांविषयी फारसे कुणी बोलत नाही. मला हे पद अतिशय महत्त्वाचे वाटते, आणि त्याची कर्तव्ये इतकी मोघम ठेवली गेली याची काळजीही वाटते.

संविधानाचे कलम १६५ वाचायला दोन मिनिटे पुरतात. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीला राज्यपालांनी महाधिवक्ता नेमावे. त्याने सरकारला कायदेशीर बाबींवर सल्ला द्यावा, राज्यपाल सोपवतील ती कायदेविषयक कामे करावीत, आणि संविधानाने किंवा इतर कायद्यांनी दिलेली कर्तव्ये पार पाडावीत. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत त्याने पदावर राहावे. मानधन राज्यपाल ठरवतील. कलम १७७ ने त्याला विधानसभेत बोलण्याचा, कामकाजात आणि समित्यांत भाग घेण्याचा हक्क दिला. मताचा दिला नाही. संविधानात या पदाविषयी मुख्यतः एवढेच. बाकी सारे निरनिराळ्या कायद्यांत विखुरलेले आहे आणि बरेचसे निकालांतून घडत गेले आहे. त्या घडणीतला मोठा वाटा आपल्याच टापूतला आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती, उच्च न्यायालयही नागपूरचे होते आणि राज्याचा महाधिवक्ताही नागपुरात बसत असे. नोव्हेंबर १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगडच्या पक्षकारांची वाट जबलपूरकडे वळली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले तेव्हा ती बिलासपूरला आली. कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, तोवर कोर्ट एकदा बदलूनही झाले होते. इथल्या जुन्या मराठी घरांत अजून नागपूरच्या कोर्टाचा उल्लेख घरच्यासारखा होतो, त्यामागे हा इतिहास आहे.

नागपूरच्या त्या न्यायालयात १९५२ साली एक प्रकरण चालले: करकरे विरुद्ध शेवडे. टी. एल. शेवडे यांना राज्याचे महाधिवक्ता नेमण्यात आले होते आणि त्यांची साठी उलटलेली होती. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश त्या काळी साठाव्या वर्षी निवृत्त होई. करकरे यांनी थेट अधिकारपृच्छेची याचिका केली: न्यायाधीश होण्यास जो पात्र त्यालाच महाधिवक्ता होता येते, आणि साठी ओलांडलेला माणूस न्यायाधीश होऊ शकत नाही, तर शेवडे कोणत्या अधिकाराने या पदावर बसले आहेत?

सरकारच्या बाजूने आधी वाट अडवण्याचा प्रयत्न झाला. राज्यपाल आपल्या कृतीसाठी न्यायालयाला जबाबदार नसतात, हा एक आक्षेप. आणि याचिकाकर्त्याचे स्वतःचे काय नुकसान झाले, हा दुसरा. न्यायालयाने दोन्ही मानले नाहीत. राज्यपालांना व्यक्तिशः जाब विचारता येत नसला तरी त्यांनी नेमलेल्या माणसाला ‘तू या पदावर कसा’ असे विचारता येते. सार्वजनिक पद कुणी बेकायदा बळकावले असेल तर हे विचारायला नागरिकाचे वैयक्तिक नुकसान झालेले असण्याची गरज नाही. मुख्य प्रश्नावर मात्र शेवडे जिंकले. न्यायालयाने म्हटले की न्यायाधीशाची पात्रता एका उपकलमात सांगितली आहे आणि निवृत्तीचे वय दुसऱ्या. वय हा पदाच्या मुदतीचा भाग आहे, पात्रतेचा नव्हे. महाधिवक्त्याची मुदत तर संविधानाने वेगळीच, मर्जीवर, ठेवली आहे. तेव्हा साठीनंतरही महाधिवक्ता होता येते.

हा निकाल जुन्या अहवालांच्या बाडात पडून राहिला नाही. पुढे घटनादुरुस्तीने न्यायाधीशांचे निवृत्तीवय १९६३ मध्ये बासष्ट झाले आणि तोच वाद उत्तराखंडात नव्याने उभा राहिला. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवताना नागपूरच्या या निकालाचा आधार घेतला, आणि सुटलेला प्रश्न पुन्हा उकरून काढल्याबद्दल याचिकाकर्त्याला खर्चाचा भुर्दंडही बसवला. नागपुरातला तो सामना जवळजवळ साठ वर्षांनी हिमालयाच्या पायथ्याच्या राज्याला उपयोगी पडला.

दुसरे प्रकरण मुंबईचे, पण त्याचा धागा रायपुरातून येतो. मोहम्मद हिदायतुल्ला रायपूरच्या सरकारी हायस्कुलात शिकले, पुढे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, नंतर केंब्रिजला. १९३० मध्ये त्यांनी नागपुरात वकिली सुरू केली आणि १९४३ मध्ये ते मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले. १९४६ मध्ये न्यायाधीश होईपर्यंत त्यांनी हे पद सांभाळले. पदाची ताकद आणि पदाची मर्यादा दोन्ही त्यांनी आतून पाहिली होती. १९६८ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले आणि १९७० मध्ये त्यांच्यासमोर महाराष्ट्राच्या महाधिवक्त्यांचा खटला आला.

ते महाधिवक्ता म्हणजे एच. एम. सीरवाई. १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे ते या पदावर होते. भारतीय संविधानावरचा त्यांचा ग्रंथ आजही वकिलांच्या टेबलावर असतो. झाले होते असे: मुंबईच्या एका वकिलाला परदेशात किरकोळ चोरीच्या आरोपावरून दंड झाला होता. राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीने त्याला दोषमुक्त केले. वकिलीच्या प्रतिष्ठेचा हा प्रश्न आहे असे सीरवाईंना वाटले आणि त्यांनी भारतीय बार कौन्सिलकडे अपील केले. तिथे त्या वकिलाची सनद काही काळासाठी निलंबित झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मूळ प्रश्न बाजूला राहून एकच मुद्दा उरला: महाधिवक्त्याला असे अपील करण्याचा अधिकार तरी आहे का? १९६१ चा अधिवक्ता कायदा ‘बाधित व्यक्ती’ला अपिलाचा हक्क देत होता. शिस्तपालन समितीने महाधिवक्त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी असेही त्यात होते. पण म्हणणे मांडणारा आणि बाधित होणारा एकच का?

पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी नाही म्हटले, आणि त्या तिघांत हिदायतुल्ला होते. महाधिवक्ता समितीला साह्य करायला येतो. निर्णय विरुद्ध गेला म्हणून त्याचा कुठलाही हक्क हिरावला जात नाही. कायद्याने अधिकार दिला नसेल तर पदाच्या मोठेपणावरून तो गृहीत धरता येणार नाही. स्वतः हे पद भूषवलेल्या माणसाने आपल्या जुन्या पदाविषयी हे लिहावे, याचे मला फार मोल वाटते. पदाविषयीचा आदर त्यांनी कायद्याच्या वाचनात मिसळू दिला नाही.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट घडली. संसदेने १९७३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता कायद्याच्या कलम ३७ आणि ३८ मध्ये महाधिवक्त्याचे नाव स्पष्ट घातले. आज राज्य बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीच्या निर्णयाविरुद्ध तो भारतीय बार कौन्सिलकडे आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकतो. न्यायालयाने उणीव दाखवली, संसदेने ती लिहून भरून काढली. अधिकार असा उजेडात मागावा लागतो आणि उजेडात द्यावा लागतो.

कधी उलटेही झाले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध दावा करता येतो. एखाद्या वस्तीत कारखान्याचे सांडपाणी घुसत असेल तर दोन रहिवासी मिळून दाद मागू शकतात. पूर्वी त्यासाठी महाधिवक्त्याची लेखी संमती लागे. सार्वजनिक न्यासांविषयीच्या कलम ९२ चेही तसेच. १९७६ च्या दुरुस्तीने, म्हणजे १ फेब्रुवारी १९७७ पासून, ती संमती गेली आणि तिच्या जागी न्यायालयाची परवानगी आली. महाधिवक्ता स्वतः दावा करू शकतो, पण नागरिकांच्या वाटेवरची त्याची चौकी उठली. ती उठली हे योग्यच झाले, कारण उपद्रव सरकारी खात्याचाच असेल तर सरकारच्या वकिलाकडे संमती कशी मागायची?

एक चौकी मात्र अजून आहे. न्यायालयाच्या फौजदारी अवमानासाठी कुणा नागरिकाला अर्ज करायचा असेल तर १९७१ च्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे महाधिवक्त्याची लेखी संमती लागते. दुर्गच्या जिल्हा न्यायालयाचा असा अवमान झाला, तर उच्च न्यायालयाकडे प्रकरण एकतर त्या न्यायालयाने पाठवायचे किंवा महाधिवक्त्याने न्यायचे. उठसूट कुणी कुणाला अवमानाच्या खटल्यात ओढू नये म्हणून ही चाळणी हवी असे माझे मत आहे. पण संमती किती दिवसांत द्यायची, नाकारली तर कारण लिहायचे की नाही, याविषयी कायदा गप्प आहे.

भिलाईत या पदाचे काम विशेष गुंतागुंतीचे होते. कारखाना केंद्राच्या सार्वजनिक उपक्रमाचा, त्याचे वकील वेगळे. केंद्र सरकारचे वकील वेगळे. महसूल, पोलीस, कामगार खाते राज्याचे, त्यांच्या बाजूने महाधिवक्ता कार्यालय. आणि महापालिकेचा आणखी कुणी. जमिनीच्या एका साध्या वादात पक्षकारासमोर चार काळे कोट उभे राहतात.

२८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांची हत्या झाली. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये दोषी ठरवलेल्या आरोपींना पुढच्या वर्षी जबलपूरच्या उच्च न्यायालयाने निर्दोष सोडले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांपैकी एकाला पुन्हा दोषी ठरवले. निकालाच्या मथळ्यावर तेव्हाही ‘मध्य प्रदेश राज्य’ हेच नाव होते, जरी भिलाई त्या राज्यातून बाहेर पडून चार वर्षे झाली होती. या शहरातल्या हजारो कामगारांना या निकालाशी देणेघेणे होते. अपील करायचे की नाही, कुणाविरुद्ध करायचे, असल्या निर्णयांना किती वजन असते ते अशा वेळी दिसते.

मर्जीचा प्रश्न उरतो. दुर्गला वकिली केलेले ज्येष्ठ अधिवक्ता आणि लेखक कनक तिवारी २०१८ च्या सत्ताबदलानंतर छत्तीसगडचे महाधिवक्ता झाले. काही महिन्यांतच, २०१९ च्या मध्याला, सरकारने त्यांचा राजीनामा आल्याचे सांगून दुसरी नेमणूक केली. आपण राजीनामा दिलेलाच नाही, असे तिवारी यांनी जाहीरपणे सांगितले. महाराष्ट्रात मार्च २०१६ मध्ये नागपूरचे श्रीहरी अणे यांना स्वतंत्र मराठवाड्याविषयीच्या वक्तव्यावरून पद सोडावे लागले. दोन्ही प्रकरणे वेगळी आहेत. पण घटनात्मक पदावरचा माणूस पदावर आहे की नाही, याबद्दलच दोन बाजूंनी दोन गोष्टी सांगितल्या जाव्यात, हे राज्याला शोभत नाही.

इतर राज्यांनी काही पावले टाकली आहेत. मार्च २०१६ मध्ये पंजाबच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी वकिलांची नेमणूक ही मेहेरबानी नव्हे; ती गुणवत्तेवर आणि पारदर्शक पद्धतीने व्हायला हवी. त्यानंतर हरियाणाने २०१६ मध्ये आणि पंजाबने २०१७ मध्ये विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचा स्वतंत्र कायदा केला. अतिरिक्त महाधिवक्ता नेमता येतात, पण संविधानाने महाधिवक्त्याला दिलेली कर्तव्ये त्यांना पार पाडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच स्पष्ट केले होते.

छत्तीसगडच्या विधानसभेला कलम १६५ बदलता येणार नाही. मर्जी राहील, पात्रता राहील. पण कर्तव्ये ‘इतर कायद्यांनी’ देता येतात असे तेच कलम म्हणते, आणि ते दार उघडे आहे. अपील करण्याविषयीचा सल्ला लेखी असावा. अवमानाच्या संमतीचा अर्ज ठरावीक मुदतीत आणि कारणे देऊन निकाली निघावा. पॅनेलवरच्या वकिलांची निवड कशी झाली ते प्रसिद्ध व्हावे. पद सोडल्याचा दिवस राजपत्रातल्या सहीच्या कागदाने ठरावा. आणि पेन्शनसारख्या प्रकरणांत, जिथे पूर्वीचे निकाल सरकारविरुद्ध पक्के झालेले आहेत, तिथे दुर्गच्या प्रभारी अधिकाऱ्याला बिलासपूरला न बोलावता, ‘पैसे देऊन टाका’ असे खात्याला लिहिण्याचे कर्तव्य महाधिवक्त्यावर कायद्याने सोपवावे.