१४ तालुके, नाव मात्र एकच

अहिल्यानगर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा नुकतीच शिकू लागलेल्या कुणी अकोल्यापासून जामखेडपर्यंत त्यांची यादी करायला घेतली, असं समजा. तालुका नावाचा क्लास, एक ॲरेलिस्ट आणि एक लूप. प्रोग्राम विनातक्रार चालतो. यादीची लांबी विचारली तर उत्तर येतं १४. नावं छापली की मात्र जामखेड, जामखेड, जामखेड... चौदाही वेळा जामखेडच! मग अकोले, संगमनेर, राहुरी, पाथर्डी गेले कुठे?

या कोड्याचं उत्तर फार सुंदर आहे. ॲरेलिस्टमध्ये वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, नसतातच. असतात ते त्यांचे मेमरीतले पत्ते, म्हणजे रेफरन्स. 'न्यू तालुका' लूपच्या बाहेर लिहिलं, तर ऑब्जेक्ट एकच तयार होतो. प्रत्येक फेरीत त्याचंच नाव बदलतं आणि त्याचाच पत्ता यादीत जातो. १४ चिठ्ठ्यांवर एकाच घराचा पत्ता असावा आणि त्या घराची पाटी बदलत राहावी, तसं हे. ती ओळ लूपच्या आत घ्या, चौदाही तालुके हजर होतात.

यादी तयार करणाऱ्या 'न्यू'चं नेमकं उलट. ते लूपच्या आत गेलं तर दर फेरीला नवी, रिकामी यादी जन्मते आणि शेवटी एकटं जामखेड उरतं. यादी क्लासचं फील्ड असेल आणि ते लिहायचंच राहिलं, तर तिच्या नावामागे असतो नल, म्हणजे कुठलाच पत्ता नाही. मग ॲड करताच नलपॉइंटरएक्सेप्शन.

आत काय चालतं, ते तर याहून विलक्षण. ॲरेलिस्टच्या पोटात ठरावीक आकाराचा साधा ॲरे असतो. ओपनजेडीकेमध्ये पहिली नोंद येताच १० जागा तयार होतात. अकरावा तालुका आला की १५ जागांचा नवा ॲरे बनतो आणि जुने दहा पत्ते तिकडे उतरवले जातात. ऑब्जेक्ट त्यासाठी हलवावे लागत नाहीत. आकार दर वेळी दीडपट होत असल्याने लाखो नोंदींनाही हा खटाटोप मोजक्याच वेळा होतो. आधीच १४ जागा मागून घेतल्या तर तोही टळतो. पण जागा म्हणजे नोंदी नव्हेत. त्या रिकाम्या यादीत थेट पाचव्या क्रमांकावर ॲड केलं, तर इंडेक्सआउटऑफबाउंड्सएक्सेप्शन येतं, कारण लांबी अजून शून्यच असते.

आता एकच नोंद दोनदा न ठेवणाऱ्या हॅशसेटमध्ये पारनेर दोनदा टाकून पाहा. साधी स्ट्रिंग असेल तर दुसऱ्यांदा ॲड 'फॉल्स' सांगतो आणि सेट तसाच राहतो. आपल्या क्लासचे दोन ऑब्जेक्ट टाकले तर दोन्ही पारनेर आत! 'इक्वल्स' आणि 'हॅशकोड' आपण लिहिले नाहीत, तर नाव सारखं असूनही जावाच्या लेखी ते दोन वेगळे ऑब्जेक्ट असतात. मुळाशी पुन्हा तेच: वस्तू वेगळी, तिची ओळख वेगळी.

ॲरेलिस्ट आणि हॅशसेट ज्यात येतात, ते जॉशुआ ब्लॉक यांच्या पुढाकाराने घडलेलं कलेक्शन्स फ्रेमवर्क १९९८ मध्ये जावा १.२ सोबत आलं. २०२१ च्या जावा १६ पासून 'रेकॉर्ड' हा प्रकार कायमचा भाषेत आला. तालुका रेकॉर्ड म्हणून लिहिला, तर 'इक्वल्स' आणि 'हॅशकोड' या दोन्ही मेथड आपोआप मिळतात. एकदा दिलेलं नावही बदलता येत नाही, म्हणून प्रत्येक तालुक्यासाठी नवा ऑब्जेक्ट करावाच लागतो. दुहेरी पारनेर आणि चौदा जामखेड, दोन्ही चुकांना मग वावच उरत नाही.