तेहतीस मोटारी

शिरूरहून पुण्याच्या वाटेला लागलें म्हणजे रांजणगांवीं महागणपतीचें देऊळ लागतें, आणि त्याच गांवच्या औद्योगिक वसाहतींत टाटा व फियाट यांच्या भागीदारीचा मोटारींचा मोठा कारखाना आहे. सन २०१७ पासून तेथें जीप कंपास नांवाची मोटार तयार होऊं लागली व ती परदेशींहि जाऊं लागली. एकसारख्या हजारों मोटारी एकामागून एक बाहेर पडाव्या, हें अशा कारखान्याचें ध्येय असतें. मुंबईची जुनी पद्मिनी टॅक्सीहि मूळची फियाटच्याच घराण्यांतली. आल्फा रोमिओ ही इटालियन कंपनी सन १९८६ पासून त्याच घराण्यांत आहे. तिनें सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत एक मोटार जगापुढें ठेविली, ती मात्र अवघ्या ३३ च बांधावयाच्या असें ठरवून. एकाच घरच्या या दोन कामांच्या रीति इतक्या भिन्न कां, हें समजून घेणें बोधप्रद आहे.

ही मोटार अगदीं नव्यानें सुचलेली नव्हे. सन १९६७ सालीं आल्फा रोमिओनें आपल्या 'टिपो ३३' या शर्यतीच्या मोटारीवरून '३३ स्त्रादाले' नांवाची मोटार काढिली होती. स्त्रादाले म्हणजे रस्त्यावर चालविण्याची. तिची यंत्ररचना कार्लो कीती यांच्या देखरेखीखालीं झाली व बाह्याकार फ्रांको स्कालिओने यांनीं रेखिला. उंची एक मीटरहून किंचित् कमी, वजन सुमारें ७०० किलो, इंजिन आठ सिलिंडरांचें व सुमारें २३० अश्वशक्तीचें. तिच्या अंगावर ॲल्युमिनियमचा पत्रा होता. आमच्याकडील तांबट जसा ठोकून ठोकून हंडा घडवितो, तसा तो कारागिरांनीं हातानें आकारास आणिला. अशा मोटारी केवळ १८ बांधल्या गेल्या.

आतां कोणी विचारील कीं, जुनी मोटार इतकी सुंदर होती तर तिचीच हुबेहूब नक्कल कां केली नाहीं? याचें उत्तर पदार्थविज्ञानांत आहे. जुन्या मोटारीचा वेग ताशीं सुमारें २६० किलोमीटर होता. नवीचा ३३३ आहे. हा फरक थोडा वाटतो, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग सव्वापटीहून थोडा अधिक झाला कीं शक्ति दुपटीहून अधिक लागते. नवी मोटार शिवाय जुनीहून पुष्कळ जडहि आहे. म्हणून तिला सहा सिलिंडरांचें, दोन टर्बो लाविलेलें, ६२० हून अधिक अश्वशक्तीचें इंजिन द्यावें लागलें.

दुसरी अडचण सांगाड्याची. जुन्या मोटारीचीं दारें फुलपांखराच्या पंखांप्रमाणें वर उघडत व त्यांच्या कांचा थेट छतापर्यंत वळलेल्या होत्या. हेंच तिचें सौंदर्य. पण दार छतांत शिरलें कीं छताची बळकटी कमी होते. आजच्या मोटारीनें अपघातांत आंतील माणसांचें रक्षणहि केलें पाहिजे. म्हणून नव्या मोटारींत बसण्याची जागा कार्बनच्या धाग्यांची केली आहे. पागोट्याच्या मऊ कापडास खळ दिली कीं तें ताठ राहतें, हें आपण पाहतों. त्याचप्रमाणें कार्बनचें कापड राळेसारख्या द्रव्यांत भिजवून, साच्यांत थरावर थर बसवून, उष्णतेनें व दाबानें पक्कें करतात. तें पोलादाहून फार हलकें असून अत्यंत ताठ होतें. त्याला इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची ॲल्युमिनियमची चौकट जोडली आहे. टिपो ३३ चा सांगाडाहि मोठ्या नळ्यांचा व एच आकाराचाच होता. बाह्य आकार व पंखांसारखीं दारें जुन्या वळणाचीं राखिलीं, पण द्रव्य नवें घेतलें.

तिसरी गोष्ट थांबण्याची. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणें असते. म्हणजे ताशीं ३३३ किलोमीटरनें जाणाऱ्या मोटारींत, ती १०० नें जात असतां असते त्याच्या अकरा पट ऊर्जा असते. ही सर्व ऊर्जा ब्रेकांना उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकावी लागते. यासाठीं ब्रेकांच्या तबकड्या कार्बन व चिनी मातीच्या जातीच्या द्रव्याच्या केल्या आहेत. ताशीं १०० किलोमीटरवरून ही मोटार ३३ मीटरांच्या आंत थांबते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें. मंदन गुरुत्वाकर्षणाच्या प्रवेगाहूनहि अधिक येईल.

मग अशी उत्तम रीत सर्वच मोटारींना कां लावीत नाहींत? कारण संख्या. पोलादी पत्र्याचा भाग छापावयाचा तर आधीं मोठा साचा लागतो. समजा, साच्यांस एक कोटि रुपये लागले. एक लक्ष मोटारींवर ते वांटले तर दर मोटारीमागें शंभरच रुपये पडतात. तेहतिसांवर वांटले तर तीन लक्षांहून अधिक. उलट, कार्बनचे थर बसविण्यास वेळ व कुशल हात लागतात. तें तेहतिसांस परवडतें, लक्षास परवडत नाहीं. म्हणून या मोटारी मिलान शहरांतील तूरिंग सुपरलेज्जेरा या सन १९२६ पासूनच्या कार्यशाळेकडे सोंपविल्या गेल्या. सुपरलेज्जेरा म्हणजे अतिशय हलकी. बारीक नळ्यांवर ॲल्युमिनियमचा पत्रा मढविण्याच्या कलेवरून तिला हें नांव मिळालें.

आमच्या भागांतील कित्येक पालकांस वाटतें कीं, यंत्रें आलीं म्हणजे मुलांच्या हातांस काम उरणार नाहीं. ही भीति अनाठायीं नव्हे. पुष्कळ कामें गेलींहि आहेत. तथापि या दोन मोटारींकडे पाहिलें असतां असें दिसतें कीं, कौशल्य सर्वस्वीं नाहींसें होत नाहीं, तें आपली जागा बदलतें. जेथें तेहतीस मोटारी होतात तेथें कारागिराचा हात प्रत्येक मोटारीवर फिरतो. जेथें लक्ष मोटारी होतात तेथें तोच हात साचा घडविणारांत, यंत्र जुळविणारांत व छापलेला भाग तपासणारांत असतो. साच्यांत केसाएवढी चूक राहिली तर ती लक्ष वेळां छापली जाते. म्हणून तेथील जबाबदारी कांकणभर अधिकच. आपल्यांपैकीं जे उद्यां रांजणगांवच्या फाटकांतून आंत जातील, त्यांनीं वर्ग, घन व मोजपट्टी यांच्याशीं आजच दृढ मैत्री करावी. तीच त्यांना तेथें उपयोगीं पडेल.