शंभरीचं बुकिंग

साठी उलटली की आपल्याकडे माणसाला घरात एक खुर्ची मिळते आणि ऐंशी उलटली की ती खुर्ची खिडकीपाशी सरकवली जाते. अमेरिकेतले विनोदी नट जॉर्ज बर्न्स यांना मात्र ऐंशीव्या वर्षी ऑस्कर मिळालं!

खरं तर ती भूमिका त्यांची नव्हतीच. 'द सनशाइन बॉइज'मधल्या म्हाताऱ्या नटाच्या कामासाठी त्यांचे जिवलग मित्र जॅक बेनी यांची निवड झाली होती. डिसेंबर १९७४ मध्ये बेनी वारले आणि काम बर्न्सकडे आलं. त्याच वर्षी बर्न्स यांच्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झाली होती, आणि आधीच्या चित्रपटातल्या भूमिकेला पस्तीसएक वर्षं लोटली होती. दुसरा कुणी म्हणाला असता, आता पुरे. पण १९७७ मध्ये 'ओह, गॉड!' या चित्रपटात ते साक्षात परमेश्वर झाले. आपण देवाच्या वयाच्या जवळपास पोचलोय म्हणून हे काम मिळालं, असं ते मिश्किलपणे सांगत.

जन्म २० जानेवारी १८९६ चा, न्यूयॉर्कच्या एका गरीब ज्यू घरातला. बारा भावंडांतले हे नववे. सात वर्षांचे असताना वडील गेले आणि पोरगा रस्त्यावर गाणी म्हणून पैसे मिळवू लागला. पुढं नाटकमंडळ्यांच्या रंगमंचावर बरीच वर्षं धडपड केली, पण नाव काही होईना. मग ग्रेसी अ‍ॅलन भेटली. सुरुवातीला विनोदाची वाक्यं जॉर्जकडे होती आणि ग्रेसी फक्त प्रश्न विचारायची. झालं उलटंच! लोक तिच्या प्रश्नांनाच हसू लागले. दुसरा एखादा नट रुसला असता. यांनी सरळ सगळे विनोद तिला देऊन टाकले आणि आपल्या तमाशात सोंगाड्यापुढं प्रश्न टाकणारा सरदार असतो ना, तशी भूमिका स्वतःकडे घेतली. १९२६ मध्ये दोघांनी लग्न केलं. रंगमंच, रेडिओ, टेलिव्हिजन अशी ही जोडी १९५८ पर्यंत गाजली.

१९६४ मध्ये ग्रेसी हृदयविकारानं गेली. रात्री बर्न्सना झोप येईना. तिच्या आजारपणामुळं खोलीत दोन पलंग वेगळे केलेले होते. एका रात्री ते उठून तिच्या पलंगावर जाऊन आडवे झाले, तेव्हा कुठं डोळा लागला. दर महिन्याला ते तिच्या समाधीपाशी जात आणि कुठं काय काम चाललंय ते तिला सांगत बसत. विनोदी माणसाचं दुःख असं घरातच राहतं.

त्यांच्या हातातली सिगार तर प्रसिद्धच होती. दिवसाला दहा-पंधरा सहज व्हायच्या, त्याही स्वस्तातल्या. महागडी सिगार रंगमंचावर मध्येच विझते, हे त्यांचं व्यावसायिक कारण! लोक हसत असताना हे शांतपणे झुरका घेत आणि हसू ओसरलं की पुढचं वाक्य टाकत. सिगार सोडा म्हणणारे डॉक्टर आपल्याआधीच गेले, असंही ते सांगायचे. (घरातल्या आजोबांनी हा दाखला देऊ नये. एक माणूस सुटला म्हणून धूर काही औषध ठरत नाही.) त्यापेक्षा त्यांची दुसरी सवय घेण्यासारखी: सकाळचा व्यायाम, मग कार्यालयात जाऊन लेखनाचं काम, दुपारी क्लबात मित्रांबरोबर ब्रिजचा डाव. अंथरुणातून उठण्यासाठी माणसाला काहीतरी काम हवं, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

त्यामुळंच शंभराव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाचा करार त्यांनी कित्येक वर्षं आधी करून ठेवला. आता मरायला सवडच नाही, तारीख दिलेली आहे, हा त्यांचा लाडका विनोद. दुर्दैवानं जुलै १९९४ मध्ये ते न्हाणीघरात पडले, डोक्याला मार लागला आणि तब्येत खालावत गेली. जानेवारी १९९६ मध्ये शंभरी आली, पण ठरलेला कार्यक्रम काही झाला नाही. ९ मार्चला ते गेले.

खिशात तीन सिगार ठेवून त्यांना ग्रेसीशेजारी ठेवण्यात आलं. जाहिरातीत पहिलं नाव नेहमी तिचंच असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. समाधीच्या शिळेवरही आधी ग्रेसीचं नाव आहे, मग त्यांचं.